स्कूटरवरची आई

मॅगझीन कमिटीची मुलं दरवर्षी स्टाफरूममध्ये येतात, दारात घुटमळतात आणि मराठी विभागासाठी लेख मागतात. मी दरवर्षी पुढच्या वर्षी नक्की, असं सांगून त्यांना चहा पाजून परत पाठवते. या वर्षी मात्र मीच त्यांना हाक मारली. कारण गेले काही महिने एक बाई माझ्या डोक्यात ठाण मांडून बसली आहे. तिला जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण रोज सकाळी महाळुंग्याहून निघताना ती माझ्या शेजारून स्कूटरवर जाते आहे असं मला वाटतं. तिचं नाव इरावती कर्वे.

आधी थोडं माझं सांगते. सिव्हिलच्या मुलांना मी माहीत आहेच, जर्नलवर लाल पेनाने रेघोट्या मारणारी बाई म्हणून! बाकीच्यांसाठी एवढंच की मी महाळुंग्यात राहते. मुळा नदी, बालेवाडीचं क्रीडासंकुल आणि हिंजवडीचा ट्रॅफिक यांच्यामध्ये. मी इथे राहायला आले तेव्हा हे मुळशी तालुक्यातलं गाव होतं, 2021 साली ते पुणे महापालिकेत गेलं. लेक दुसरीत आहे, धाकटा साडेतीन वर्षांचा. सकाळी सव्वासातला लेकीची बस, आठला धाकटा पाळणाघरात, पावणेनऊला माझं पहिलं लेक्चर. या वेळापत्रकात कुठेही टॉलरन्स नाही. एकाने बूट लपवला की अख्खा क्रिटिकल पाथ कोलमडतो.

माझी लेक वाचायला शिकली ती स्कूटरवर. पुढे उभी राहून ती पाट्या वाचायची. आधी नुसता क, मग क ला काना का, मग एक दिवस अचानक ‘कापड दुकान’. मला इतका आनंद झाला की मी गाडी बाजूला घेतली आणि मागच्या टेम्पोवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. धाकट्याचं मात्र तसं झालं नाही. त्याने पहिल्यांदा स्वतःचं नाव ओळखलं ते पाळणाघरातल्या पिशवीवर. तिथल्या ताईंनी मला फोन करून कौतुकाने सांगितलं. मी तेव्हा व्हायवा घेत होते. समोरचा मुलगा ओपन चॅनल फ्लोवर काहीतरी थापा मारत होता आणि मी मान हलवत होते. त्या बॅचला त्या दिवशी मार्क जरा सढळ हाताने पडले, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्याच रात्री मी पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन रद्द करण्याचा अर्ज लिहिला. चार वर्षांत काम निम्म्यावरही आलं नव्हतं. नोकरी, मुलं आणि संशोधन, यातलं एक काहीतरी सोडायला हवं, आणि सोडण्यासारखं तेच एक होतं. अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी सही करून द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेले. तिथे मराठीच्या कपाटाची आवराआवर चालली होती आणि टेबलावर पुस्तकांचा ढीग होता. वरचंच पुस्तक उचललं, ‘परिपूर्ती’. लेखिका इरावती कर्वे. ‘युगान्त’ कॉलेजात असताना वाचलं होतं, तेवढीच ओळख. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला, पुस्तक उघडलं आणि डबा तसाच राहिला.

इरावतीबाईंचा जन्म 15 डिसेंबर 1905 चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंज्यान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते. तिथली मोठी नदी इरावती, तिच्यावरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी या मुलीला शिकण्यासाठी पुण्याला हुजूरपागेत धाडलं. म्हणजे हॉस्टेलवासी मित्रमैत्रिणींनो, पहिल्या सेमिस्टरला घरच्या आठवणीने मेसमधल्या वरणात डोळ्यातलं पाणी मिसळणारे तुम्ही एकटे नाही. तुम्ही अठराव्या वर्षी आलात आणि रोज रात्री व्हिडिओ कॉल करता. ती सात वर्षांची होती, आणि आईवडील समुद्रापलीकडे.

हुजूरपागेत तिला शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली आणि मैत्रिणीमुळे दुसरं घर मिळालं. शकुंतलाचे वडील म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे, फर्ग्युसनचे प्राचार्य, गणिती आणि पक्के बुद्धिवादी. त्या घरात पुस्तकं होती, वादविवाद होते आणि मुलीने विचारलेल्या प्रश्नाला गप्प बस हे उत्तर नव्हतं. परांजप्यांना ती दुसरे वडील मानायची. 1926 साली ती फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाली आणि मग मुंबईला डॉ. घुर्यांच्या हाताखाली समाजशास्त्रात एम. ए. केलं, 1928 साली. दरम्यान तिचं लग्न झालं होतं. नवरा दिनकर धोंडो कर्वे, फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवणारा. सासरे साक्षात महर्षी कर्वे!

आता गंमत बघा. ज्या महर्षी कर्व्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढलं, त्यांनीच सुनेने पीएच.डी.साठी जर्मनीला जाण्याला विरोध केला. थोर माणसांचंही असं होतं. पण दिनकरराव ठाम राहिले. जीवराज मेहतांकडून कर्ज काढलं आणि 1928 साली इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

बर्लिनला त्यांचे गाईड होते ऑयगेन फिशर. मानववंशशास्त्रातलं मोठं नाव, आणि गोऱ्या युरोपियन माणसाचा वंश इतरांहून श्रेष्ठ आहे असं मानणारा माणूस. पुढे नाझींच्या वंशवादाला ज्यांच्या विद्वत्तेचा आधार मिळाला त्यांपैकी हा एक. त्यांनी या मराठी मुलीला विषय दिला माणसाच्या कवटीची असमानता. कवटीची उजवी-डावी बाजू किती वेगळी आहे, आणि त्याचा वंशाशी काही संबंध लागतो का. गोऱ्यांची कवटी वेगळी निघावी अशी अपेक्षा होती. बाईंनी 149 कवट्या मोजल्या. आणि निष्कर्ष काढला की कवटीची असमानता आणि वंश यांचा काही संबंध दिसत नाही.

हा परिच्छेद मी माझ्या प्रॅक्टिकल बॅचला वाचून दाखवला. कारण आमच्याकडे ग्राफवर बिंदू बसला नाही की मुलं रीडिंग बदलतात. सरळ रेघ यायला हवी ना! आणि इथे परक्या देशात, परक्या भाषेत, कर्ज काढून आलेली एक तरुण मुलगी आपल्या गाईडला हवं ते रीडिंग देत नाही. जे मोजलं ते लिहिते. 1930 साली तिला डॉक्टरेट मिळाली.

इथवर वाचून मला नेहमीचा प्रश्न पडला, जो कुठल्याही कर्तबगार बाईचं चरित्र वाचताना मला हल्ली पडतो. हे सगळं ठीक आहे हो, पण मुलं झाल्यावर काय?

परत आल्यावर त्या मुंबईला महिला विद्यापीठात रजिस्ट्रार झाल्या, 1931 ते 1936. याच काळात थोरली लेक जाई जन्मली, 1932 साली, आणि 1936 साली मुलगा आनंद. म्हणजे दोन्ही लहान मुलांच्या वेळी बाई नोकरीत होत्या, आणि नोकरीही फायली, सह्या, परीक्षांची. संशोधन मागे पडलेलं. बर्लिनचा पीएच.डी. आणि टेबलावर कार्यालयाचे कागद! मला ही वर्षं फार महत्त्वाची वाटतात. चरित्रांमध्ये या वर्षांना एक ओळ मिळते, पण एखाद्या बाईचं काम बंद पडायचं असेल तर ते याच वर्षांत बंद पडतं. तिचं पडलं नाही.

1939 साली पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झालं आणि इरावतीबाई तिथे रुजू झाल्या. तेव्हा त्या तेहतीस वर्षांच्या होत्या, जाई सात वर्षांची, आनंद तीन. 1942 साली धाकटी गौरी झाली. आणि इथून पुढे बाईंच्या कामाने जो वेग घेतला तो बघून छाती दडपते. कोण कोणाशी लग्न करतं, मामाच्या मुलीशी चालतं की नाही, सासऱ्याला काय म्हणतात, दिराला काय म्हणतात, हे विचारत त्या देशभर हिंडल्या. माणसांची उंची, डोकी, नाकं मोजली. पुरातत्त्वज्ञ सांकलियांबरोबर गुजरातमध्ये लांघणजला उत्खनन केलं, जिथे अश्मयुगीन माणसांचे सांगाडे मिळाले. 1947 साली सायन्स काँग्रेसच्या मानववंशशास्त्र विभागाच्या त्या अध्यक्ष होत्या. 1953 साली भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे देशाचे चार विभाग करून त्यांनी दाखवलं की कुटुंब नावाची एकच वस्तू भारतात नाही. तो ग्रंथ आजही अभ्यासला जातो.

ग्रंथ आला तेव्हा गौरी अकरा वर्षांची होती. म्हणजे त्याचं सगळं साहित्य गोळा झालं ते तिच्या दुधाचे दात येण्यापासून ते पडेपर्यंतच्या काळात. हे गणित कुठल्या प्रस्तावनेत मांडलेलं नाही, मी आपलं पेन्सिलने केलं.

मग घर कसं चालत होतं? इथे दिनकररावांचं नाव घ्यायलाच हवं. आपल्या बायकोची बुद्धी मोठी आहे हे त्यांनी लवकर ओळखलं आणि त्याचा त्यांना त्रास झाला नाही. हे वाक्य मुलांनी दोनदा वाचावं! स्वतः प्राध्यापक, पुढे प्राचार्य झालेला हा माणूस बायकोच्या लेखाचं इंग्रजी भाषांतर करायचा. पंढरीच्या वारीत चालून आल्यावर बाईंनी जो सुंदर लेख लिहिला, दिंडीत एका देवाच्या नावाने चालणारी माणसं जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात हे ज्यात टिपलं, तो दिनकररावांनीच इंग्रजीत नेला. घरात अहो-जाहो नव्हतं. बाई नवऱ्याला दिनू म्हणायच्या. मुलंसुद्धा आईला इरू आणि वडिलांना दिनू म्हणत. त्या काळच्या पुण्यात! बाई मंगळसूत्र घालत नसत, कुंकू लावत नसत, आणि पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई अशी त्यांची ख्याती. डेक्कन कॉलेज येरवड्याच्या बाजूला, घर एरंडवण्याकडे. हे अंतर त्या स्कूटरवरून जात. उंच, धिप्पाड बाई, अंगावर साडी, आणि खाली स्कूटर. बघणाऱ्यांनी काय काय म्हटलं असेल याची कल्पना ज्यांनी पुण्यात घर भाड्याने घेतलंय त्यांना येईल.

आता ‘परिपूर्ती’कडे येते. 1949 सालच्या या पुस्तकाच्या शीर्षकाचाच एक छोटा लेख त्यात आहे. प्रसंग साधा. एका समारंभात बाईंची ओळख करून दिली जाते. नामवंत सासऱ्यांची सून, नामवंत नवऱ्याची पत्नी वगैरे. ओळख खोटी नाही, पण काहीतरी राहून गेलं अशी रुखरुख त्यांना लागते. काय राहिलं ते सुचत नाही. पुढे रस्त्याने जाताना शाळकरी पोरांचा घोळका भेटतो, आणि त्यातला एक जण बाईंकडे बोट दाखवून दोस्तांना सांगतो की ही आपल्या वर्गातल्या अमक्याची आई. आणि बाईंना वाटतं, हां, आता ओळख पुरी झाली.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खट्टू झाले. खरं सांगते, रागच आला. अहो, 149 कवट्या मोजल्या, गाईडच्या विरोधात निष्कर्ष दिला, देश पालथा घातला, आणि परिपूर्ती कशात, तर कुणाची तरी आई असण्यात? मग सून, बायको आणि आई यात फरक तो काय? सगळीकडे दुसऱ्याच्याच नावाने ओळख. आमच्या स्टाफरूममध्ये यावर बराच वाद झाला. एक मॅडम म्हणाल्या की शेवटी बाईची जात आईचीच. हेच ऐकायचं नव्हतं मला!

पण दोन दिवसांनी पुन्हा वाचला आणि वेगळं काहीतरी दिसलं. समारंभातली ओळख मोठ्या माणसांनी दिलेली होती, तीही मोठ्या माणसांच्या नावावर. पोरांनी दिलेली ओळख कुणाच्या मोठेपणावर नव्हती. त्या पोराला महर्षी माहीत नसतील, बर्लिन माहीत नसेल. त्याच्या जगात वर्ग होता, वर्गात एक दोस्त होता आणि दोस्ताला एक आई होती. सासरे आणि नवरा यांच्या जगात त्या लग्न करून आल्या होत्या. हे जग मात्र त्यांच्या मुलाने स्वतः तयार केलेलं, आणि त्या जगात आईला जागा होती. ती दिवसभर घरी नसताना, दौऱ्यावर असताना, मूल आपलं आपण वाढत होतं, मित्र जोडत होतं, आणि ही माझी आई हे त्यांना दाखवून ठेवत होतं. म्हणजे जे आपल्या डोळ्यांसमोर घडलं नाही तेही आपल्याला सोडून घडलेलं नसतं.

पाळणाघरातल्या ताईंचा तो फोन मला आठवला. माझ्या धाकट्याने नाव ओळखलं ते कुठल्या पिशवीवर? मीच रात्री साडेदहाला मार्करने लिहिलेल्या पिशवीवर. अक्षर माझं होतं. मी तिथे नव्हते, पण अगदीच नव्हते असंही नाही.

इरावतीबाईंना सगळं जमलं आणि आपल्याला का जमत नाही, असं मला म्हणायचं नाही. पदरी सुशिक्षित घर होतं, पाठीशी नवरा होता, परांजप्यांसारखे दुसरे वडील होते. पाळणाघराची फी आणि गाडीचा हप्ता यांची बेरीज करत महिना काढणाऱ्या बाईला तिचं उदाहरण फेकून मारू नये. आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशी पहाटे पाचला मुलांना झोपलेलं सोडून येतात. काम करणारी आई हा शब्द आपण लॅपटॉपवाल्या बायकांसाठी राखून ठेवलाय, पण महाळुंग्यातल्या प्रत्येक बांधकामावर विटा वाहणारी आई आहे आणि वाळूच्या ढिगावर खेळणारं तिचं मूल आहे. आपण सिव्हिलवाले ते रोज बघतो आणि फक्त ढीग मोजतो.

हे सुचलं तेही बाईंमुळेच. कोयना धरण तुम्हाला मी शिकवते. उंची, सांडवा, वीजनिर्मिती, 1967 चा भूकंप. पण पाणी चढलं तेव्हा तिथली माणसं कुठे गेली हे माझ्या सिलॅबसमध्ये नाही. इरावतीबाईंनी कोयनेच्या विस्थापितांची पाहणी केली आणि 1969 साली तिचा अहवाल पुस्तकरूपात आला. धरणाकडे पाण्याखाली गेलेल्या घराच्या बाजूने बघणारं ते काम होतं. आपण तर मुळशीचे. 1921 ते 1924 या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला तो याच तालुक्यात. निदान आपल्याला तरी हे माहीत हवं.

आणि त्या कोयनेच्या पुस्तकावर दोन नावं आहेत. इरावती कर्वे आणि जाई निंबकर. जाई म्हणजे तीच थोरली लेक, आई रजिस्ट्रारच्या खुर्चीवर असताना जिचं बाळपण गेलं ती. लेक मोठी झाली आणि आईच्या शेजारी तिचं नाव छापलं गेलं. हे वाचताना माझा गळा का दाटून आला ते मुलं असलेल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

बाकीच्या दोघांचं काय झालं? आनंद वनस्पतिशास्त्रज्ञ झाले, जर्मनीत डॉक्टरेट केली. त्यांनी उभ्या केलेल्या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा आणि स्वयंपाकघरातल्या खरकट्यापासून बायोगॅस बनवण्याचं तंत्र दिलं, आणि त्यासाठी 2002 आणि 2006 साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. प्रोजेक्टला विषय सुचत नसलेल्या फायनल इयरने हे जरूर बघावं! धाकटी म्हणजे गौरी देशपांडे, मराठीतली मोठी लेखिका. अरेबियन नाइट्सचे सोळा खंड मराठीत आणणारी. 2003 साली त्या गेल्या. तिघांच्या तीन वाटा, आणि तिघांनाही आईने आपल्या वाटेवर ओढलेलं नाही.

इरावतीबाईंनी ‘युगान्त’ 1967 साली लिहून पुरं केलं ते साठी पार केल्यावर. 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे बघताना त्यांना देवी नको होत्या, माणसं हवी होती. 11 ऑगस्ट 1970 रोजी झोपेतच त्या गेल्या. वय चौसष्ट. कामात असतानाच.

माझा तो अर्ज अजून ड्रॉवरमध्येच आहे, सही न केलेला. फाडून टाकला असं लिहिलं असतं तर लेखाला छान शेवट झाला असता, पण जे मोजलं ते लिहायचं असं ठरवलंय. गेल्या महिन्यात मी प्रोग्रेस रिपोर्ट दिला. फार काही नव्हतं त्यात, एका नाल्याची सहा महिन्यांची रीडिंग्ज. काही ग्राफवर बसत नाहीत. तशीच दिली.

परवा संध्याकाळी धाकट्याला घेऊन घरी येत होते. आता पुढे तो उभा असतो आणि ताई मागे बसून मास्तरकी करते. बालेवाडीच्या अलीकडे सिग्नलला थांबलो तेव्हा त्याने एका फलकाकडे बोट दाखवलं आणि क म्हणाला. तो ख होता. ताईने लगेच चूक काढली, दोघांचं भांडण जुंपलं, सिग्नल सुटला आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले.

मी या वेळीही गाडी बाजूला घेतली.